आखडलेला खांदा : किती वेळ, किती जोर

(एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



खांदा आखडल्याने कोणी दगावत नाही. आरोग्याच्या व्यासपीठावर त्याला सहसा जागा मिळत नाही, याचे कारण बहुधा हेच असावे. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांच्यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. केस विंचरता येत नाहीत, सदरा चढवताना डोळ्यांत पाणी येते, पाठीमागे हात जात नाही, रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते, असल्या तक्रारींवर तासभर बोलणे त्यांच्यापुढे थोडे पोरकट वाटते. पण हा आजार प्रामुख्याने चाळिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त गाठतो. घर आणि नोकरी या दोन्हींचा भार जेव्हा सर्वांत अधिक असतो, नेमक्या त्या वयात एक हात दीड-दोन वर्षे निम्माशिम्मा कामातून जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

डॉक्टर ज्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात आणि आपण 'खांदा धरलाय' म्हणतो, त्याच्याबद्दल आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. पहिला म्हणजे वाट पाहा, दोनेक वर्षांत आपसूक मोकळा होतो. दुसरा म्हणजे जोर लावा, ओरडत का होईना पण हात वर न्या, नाहीतर जन्माचा अडकेल. दोन्ही सल्ले परस्परविरोधी आहेत, आणि तरीही अनेकदा ते एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच रुग्णाला ऐकावे लागतात. माझे म्हणणे असे की दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही तसेच्या तसे पाळले तर रुग्णाचे नुकसान होते. शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचाराला एक क्रम आहे. आधी वेदना खाली आणायची, मग ती जेवढी मुभा देईल तेवढी हालचाल वाढवायची. खांद्याला किती ताण सोसेल हे आजाराची अवस्था ठरवते. रुग्णाची जिद्द किंवा उपचार करणाऱ्याच्या मनगटातले बळ यांचा तिथे फारसा संबंध नाही.

हे पटायचे तर आत काय घडते ते आधी पाहायला हवे. दंडाच्या हाडाचा वाटोळा गोळा खवाट्याच्या उथळ वाटीत फिरतो, आणि या दोघांभोवती एक पातळ आवरण असते, त्याला संधिकोश म्हणू. सदऱ्याच्या काखेत शिंपी जास्तीचे कापड सोडतो तसा हा कोश खालच्या अंगाला सैल असतो. हात डोक्यावर जाऊ शकतो तो या सैलपणामुळेच. आजार सुरू होतो तेव्हा कोशाच्या अस्तराला दाह होतो, तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात. पुढे त्या जागी तंतुपेशी कोलॅजनचे थर घालू लागतात, कोश जाड होतो आणि आक्रसतो. वरच्या-पुढच्या भागातला अस्थिबंध सर्वांत आधी घट्ट होतो, म्हणून कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला वळवण्याची हालचाल सर्वांत आधी जाते. बंकर आणि अँथनी या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९५ साली अशा खांद्यांतल्या ऊतींचे नमुने तपासले, तेव्हा त्या ड्युपिट्रेनच्या आजारात दिसणाऱ्या ऊतींसारख्या निघाल्या. त्या आजारात तळहातातले तंतू आखडून बोटे आत वळतात. म्हणजे आपण ज्याला 'सांधा गंजला' म्हणतो तो प्रकार गंजण्याचा मुळीच नाही. न वापरल्यामुळे तो जडलेला नाही. आत जिवंत पेशींचे काम चालू आहे आणि ते भलत्या दिशेने चालू आहे. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण गंजलेल्या बिजागरीवर जोर चालतो, दाह झालेल्या अस्तरावर चालत नाही.

निदानाबद्दल थोडक्यात. हा आजार ओळखायला महागड्या तपासण्यांची गरज सहसा पडत नाही. स्नायूचा दोर फाटला असेल तर रुग्णाला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बऱ्यापैकी वर जातो. आखडलेल्या खांद्यात दुसऱ्याने उचलूनही तो त्याच जागी अडतो. साधा एक्स-रे काढावा. झीज, निखळलेला सांधा, क्वचित एखादी गाठ यांची शंका त्याने मिटते. फ्रोजन शोल्डरमध्ये तो जवळजवळ स्वच्छ असतो. एमआरआयची घाई मात्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नाशीतल्या कुणाच्याही खांद्यात एमआरआयला काही ना काही झीज दिसतेच, आणि मग उपचार खांद्याऐवजी त्या अहवालावर सुरू होतात.

आता पहिला सल्ला, वाट पाहण्याचा. त्याचा उगम शोधत गेलो की बोस्टनला पोचावे लागते. १८७२ साली पॅरिसमध्ये सिमॉन द्युप्ले यांनी खांद्याच्या या जडपणाचे वर्णन केले होते, पण आज रूढ असलेले नाव दिले ते अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी, १९३४ च्या खांद्यावरील आपल्या ग्रंथात. त्यांनी तिथे दोन गोष्टी नोंदवल्या. या आजाराची व्याख्या करणे, त्यावर उपचार करणे आणि त्याचे कारण सांगणे, तिन्ही अवघड आहे, ही एक. आणि अगदी रेंगाळलेला रुग्णदेखील उपचार होवोत न होवोत, साधारण दोन वर्षांत बरा होतो, ही दुसरी. पहिली गोष्ट आजही बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांतून पाठ्यपुस्तकांत उतरत गेली आणि तिथून दवाखान्यांत आली. यात एक विरोधाभास आहे. प्रत्येक रुग्णाचा पुरेसा काळ माग ठेवावा, उपचार फळले की नाही ते मोजावे आणि निकाल जाहीर करावेत, असा आग्रह धरणारे हेच कॉडमन. त्या आग्रहापायी त्यांनी बोस्टनच्या वैद्यकीय वर्तुळाशी वैर घेतले, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली जागा सोडली. त्यांच्याच कसोटीला त्यांचे हे आश्वासन लावून पाहिले तर काय दिसते?

१९७५ साली रीव्हज यांनी ४१ रुग्णांचा पाच ते दहा वर्षे माग ठेवला. दुखण्याचा, आखडण्याचा आणि सुटण्याचा असे तीन टप्पे त्यांनी मांडले, आणि आजार सरासरी तीस महिने चालतो असे दाखवले. शेवटी पूर्ण हालचाल परत मिळालेले रुग्ण ३९ टक्के होते. ५४ टक्क्यांच्या हालचालीत तपासताना उणीव दिसे, पण कामात अडत नव्हते. ७ टक्के रुग्णांचे कामात अडत होते. १९९२ साली अमेरिकेत शॅफर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेविना उपचार झालेल्या ६२ रुग्णांना सरासरी सात वर्षांनी गाठले, तर निम्म्यांना अजून थोडे दुखत तरी होते किंवा खांदा थोडा जड तरी होता. ऑक्सफर्डच्या २००८ च्या अभ्यासात २६९ खांद्यांचा सरासरी ४.४ वर्षांनी आढावा घेतला, तेव्हा ५९ टक्के खांदे पूर्ववत किंवा जवळपास पूर्ववत झालेले होते. उरलेल्या ४१ टक्क्यांच्या काही तरी तक्रारी शिल्लक होत्या, बहुतेकांच्या सौम्य. फिनलंडमधून २०१२ साली आलेला अभ्यास मात्र उलट सांगतो. तिथे काहीही उपचार न घेतलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्ण अनेक वर्षांनंतर पाहिले असता सामान्य हालचालीला पोचले होते.

हे आकडे एकमेकांशी भांडतात असे वाटेल. मला ते फारसे भांडताना दिसत नाहीत. कोणी रुग्णाला विचारले, कोणी अंशमापकाने मोजले, कोणी दुसऱ्या खांद्याशी तुलना केली. हात वरच्या फळीपर्यंत पोचतो एवढ्यावर समाधान मानणारा रुग्ण आणि दहा अंशांची उणीव नोंदवणारा परीक्षक यांचे उत्तर एक कसे येईल? एवढे मात्र या सगळ्यांतून निघते की बहुतेकांचे पुढे बरे चालते, अपंगत्व विरळा येते, आणि पूर्ण मोकळे होण्याची हमी कुणालाही देता येत नाही. याखेरीज २०१७ साली वाँग आणि सहकाऱ्यांनी उपचाराविना होणाऱ्या प्रगतीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. तीन टप्प्यांच्या चित्रात सुधारणा शेवटी येते. प्रत्यक्षात ती आधी वेगाने होते आणि पुढे मंदावत जाते. हे खरे असेल, आणि पुरावा तसा भक्कम नसला तरी त्याच बाजूला कलतो, तर सुरुवातीचे महिने नुसते काढायचे महिने ठरत नाहीत. ज्या काळात आपण रुग्णाला 'थांबा' म्हणतो, काम करण्यासारखे बरेच काही त्याच काळात असते.

वाट पाहण्याच्या बाजूने एक जबर पुरावा मांडला जातो, तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नेदरलँड्समध्ये डिर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ साली ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे नेणारे ताण आणि सांध्याची हाताळणी असे जोरकस उपचार दिले. दुसऱ्या गटाला समजावून सांगितले, दुखेल तिथे थांबायला सांगितले, लोंबत्या हाताचे सोपे व्यायाम आणि रोजची कामे चालू ठेवायला सांगितले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातले ८९ टक्के रुग्ण खांद्याच्या कामगिरीच्या चांगल्या गुणांपर्यंत पोचले होते, जोरकस उपचारांच्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. या पद्धतीला त्यांनी देखरेखीखालची उपेक्षा अशा अर्थाचे नाव दिले आणि त्या नावाने घोटाळा केला. लोकांनी उपेक्षा तेवढी ध्यानात ठेवली. रुग्णांना पत्रक देऊन घरी पाठवले आणि वर या अभ्यासाचा हवाला दिला, असे प्रकार त्यातून झाले. त्या गटाला मिळालेले उपचार नीट वाचा. शिक्षण, धीर, रोजची मर्यादित हालचाल, वेळोवेळी तपासणी. यात उपेक्षा कुठे आहे? शिवाय रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे दोन गट मुळातच सारखे होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. हा अभ्यास मी वाट पाहण्याच्या बाजूचा मानत नाही. तो जोर लावण्याच्या विरुद्ध बाजूचा आहे, आणि त्या कामासाठी तो पुरेसा आहे.

जोराचा सल्ला आपल्या मनात फार खोल रुजलेला आहे. कष्टाशिवाय फळ नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुखले तरच व्यायाम लागू पडला, अशी रुग्णाचीही समजूत असते, आणि हळू काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे त्याला पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. मग हाडवैद्य, मालिशवाला, शेजारचा व्यायामपटू असे करत करत खांदा कुणाच्या तरी हाती लागतो. या मंडळींपैकी सगळ्यांची मी खिल्ली उडवणार नाही. कोमट तेलाचा हात, शेक, सबुरीने केलेले चोळणे याने आखडून बसलेले स्नायू सैल होतात, झोप लागते, आणि झोप लागणे ही या आजारात मोठी कमाई आहे. आयुर्वेदात अवबाहुक नावाने खांद्याच्या अशाच दुखण्याचे वर्णन आहे, म्हणजे शतकानुशतके लोक या दुखण्याला तेल लावत आले आहेत. पण त्वचेवरचे तेल संधिकोशापर्यंत जात नाही, आणि हाताला दिलेला हिसका मात्र जातो. त्या हिसक्याने काय होते? दाह पेटलेला असेल तर आणखी पेटतो. रुग्ण दुसऱ्या दिवशी हात छातीशी धरून बसतो. आणि पन्नाशी उलटलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईच्या दंडाचे हाड मोडण्याचा धोका भूल देऊन केलेल्या हाताळणीतसुद्धा असतो, मग ओसरीवर तो कमी कसा असेल?

यावर कोणी विचारील की आक्रसलेला कोश ताणल्याशिवाय लांब कसा होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की अडकलेला खांदा सगळाच कोशामुळे अडकलेला नसतो. ऑस्ट्रेलियात २०१८ साली पाच रुग्णांवर एक लहानसा पण बोलका प्रयोग झाला. शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर, कोशाला हात लावण्यापूर्वी, खांद्याची हालचाल पुन्हा मोजली. दंड बाजूने वर नेण्याची हालचाल भुलेपूर्वीपेक्षा कित्येक अंशांनी वाढली होती, कमीत कमी ५५ अंशांनी. कोश तोच, तितकाच घट्ट. भुलेने फक्त स्नायू सैल झाले. याचा अर्थ अडवणूक करणाऱ्यांत वेदनेपोटी घट्ट धरून बसलेल्या स्नायूंचाही मोठा वाटा असू शकतो. पाच रुग्णांवरून सिद्धान्त उभा करू नये हे मान्य. पण जो फिजिओथेरपिस्ट रोज हे खांदे हाताळतो त्याला यात नवल वाटणार नाही. दुखवल्याने हे धरून ठेवणे वाढते, दुखणे उतरले की ते सुटते. तेव्हा दुखणे उतरवण्याला केवळ दिलासा मानू नये. हालचाल परत मिळवण्याचे ते पहिले साधन आहे.

दुखणे उतरवायचे कशाने? पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडने सुरुवातीला छान वाटते, पण ऑस्ट्रेलियातल्या २००४ च्या चाचणीत तो फायदा सहा आठवड्यांपलीकडे टिकला नाही. सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे विनाकारण भीती आहे. १९९८ साली नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांच्या १०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सात आठवड्यांनी इंजेक्शनच्या गटातले ७७ टक्के रुग्ण बरे वाटणारे होते, नुसत्या फिजिओथेरपीच्या गटातले ४६ टक्के. कॅनडातल्या कॅरेट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ९३ रुग्णांना चार गटांत वाटले. घरचा व्यायाम सगळ्यांनाच होता. पहिल्या काही आठवड्यांत इंजेक्शन घेतलेल्यांची सुधारणा ठळक होती, फिजिओथेरपीची जोड मिळालेल्यांची हालचाल आणखी लवकर वाढली. वर्षअखेर मात्र चारही गट जवळपास एकाच ठिकाणी होते. २०२० साली ६५ अभ्यास आणि ४,०९७ रुग्ण एकत्र करून केलेल्या आढाव्यानेही हेच सांगितले. पहिल्या काही महिन्यांत सांध्यातल्या इंजेक्शनसारखा फायदा दुसऱ्या कशाने होत नाही, आणि त्याच्या जोडीला घरचा व्यायाम द्यावा.

आता खरा आक्षेप येतो. वर्षाने सगळे सारखेच असतील तर इंजेक्शन घ्यायचे कशाला? मला हा युक्तिवाद दुसऱ्याच्या खांद्याबद्दल बोलताना सुचणारा वाटतो. मधले वर्ष कुणीतरी जगत असते. रात्री दोन-तीनदा दुखून जाग येणारी व्यक्ती सहा आठवड्यांत सलग झोपू लागली, तर वर्षअखेरच्या तक्त्यात तिचा आकडा इतरांइतकाच निघाला म्हणून काही बिघडत नाही. अंतिम मुक्काम बदलत नसेल, पण वाट बदलते. हे इंजेक्शन वेदनेच्या पहिल्या टप्प्यात सर्वांत उपयोगी पडते. आजार जुना होऊन दुखणे ओसरले आणि नुसता जडपणा उरला, मग इंजेक्शनला विझवण्यासारखे फारसे काही उरत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे क्रम बहुतेकदा उलटा असतो. आधी सहा महिने तेल, मग मशीनचा शेक, मग हिसके, आणि सगळे थकल्यावर इंजेक्शन. ते फारसे लागू पडले नाही की 'इंजेक्शनाने काही होत नाही' अशी गावभर बातमी.

स्टेरॉइड म्हटले की हाडे झिजतील, सवय लागेल, असे प्रश्न येतात. रोज महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या आणि सांध्यात एकदा दिलेले इंजेक्शन यांत गल्लत होते. जंतुसंसर्ग अगदी विरळा होतो, पण होऊ शकतो, म्हणून ते नीट निर्जंतुक पद्धतीनेच व्हावे. पुन्हा पुन्हा घेत राहणे योग्य नाही. मधुमेह्यांत ते घेतल्यावर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे आधी साखर आवाक्यात आणावी आणि त्या आठवड्यात घरी तपासत राहावे. एवढी काळजी पुरे.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यातल्या यंत्रांबद्दल एक वाक्य. अल्ट्रासाउंड, करंट, डायथर्मी यांच्या मागे या आजारापुरता पुरावा तोकडा आहे, आणि वीस मिनिटे यंत्रावर, पाच मिनिटे व्यायामावर असा हिशेब ज्या दवाखान्यात असेल तिथे तो उलटा करून मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. व्यायाम स्वतः साधे असतात. वाकून हात लोंबता सोडून झुलवणे, जे कॉडमनच्याच नावाने ओळखले जाते. भिंतीवर बोटे चालवत वर जाणे. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलणे. दारावरच्या कप्पीला दोरी. पाठीमागे पंचा धरून वर ओढणे. यादी महत्त्वाची नाही, मात्रा महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही मात्रा खांद्याच्या चिडचिडीवरून ठरवली, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. रात्री दुखत असेल, थोडी हालचाल केली तरी कळ उठत असेल, तर ताण दुखण्याच्या अलीकडेच द्यायचा, तोही एक ते पाच सेकंद. कळ निवली की पाच ते पंधरा सेकंद, किंचित दुखेपर्यंत. दुखणे गेले आणि नुसती अडचण उरली की हालचालीच्या टोकाला जाऊन जास्त वेळ धरायचा. तोच व्यायाम पहिल्या महिन्यात अपाय आणि आठव्या महिन्यात उपाय होऊ शकतो. रुग्णाला घरी समजणारी खूण एकच पुरते. व्यायामानंतर उठलेली कळ लवकर निवली पाहिजे. ती रात्रभर टिकली, तर दुसऱ्या दिवशी ताण कमी करायचा. व्यायाम बंद मात्र करायचा नाही.

आणि शस्त्रक्रिया? मी तिच्या विरुद्ध नाही, पण ती 'झटपट आणि पक्की' आहे ही समजूत तपासायला हवी. ब्रिटनमधली यूके फ्रॉस्ट ही चाचणी २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आली. ३५ रुग्णालये, ५०३ रुग्ण. एका गटाची दुर्बिणीतून कोश कापण्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याच्या खांद्याची भूल देऊन हाताळणी झाली, तिसऱ्याला इंजेक्शन आणि बारापर्यंत बैठकांची ठरीव फिजिओथेरपी मिळाली. खांद्याच्या कामगिरीचे गुण ४८ पैकी मोजतात. वर्षाने ते अनुक्रमे ४०.३, ३८.३ आणि ३७.२ होते. रुग्णाला जाणवावा एवढा फरक चार ते पाच गुणांचा, असे आधीच ठरवलेले होते. तो कुठल्याच जोडीत निघाला नाही. दहा गंभीर गुंतागुंती झाल्या, त्यांतल्या आठ दुर्बिणीच्या गटात. उलट बाजूही सांगतो. पुन्हा काही उपचार लागलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ४ टक्के, हाताळणीच्या गटात ७ टक्के आणि फिजिओथेरपीच्या गटात १५ टक्के होते, आणि खर्चाच्या तुलनेत भुलेखालची हाताळणी सर्वांत किफायतशीर ठरली. म्हणजे शंभरांतल्या पंधरांना शस्त्रक्रियेविना उपचार पुरला नाही. त्या पंधरांसाठी शस्त्रक्रिया आहे, आणि असावी. उरलेल्या पंच्याऐंशींना तिच्या टेबलावर नेण्याचे कारण मला दिसत नाही. भूल देऊन केलेली हाताळणी हीसुद्धा जोराचीच आहे, मग तिला तुम्ही कशी मान्यता देता, असे कोणी म्हणेल. भुलेत स्नायू प्रतिकार करत नाहीत, जोर मोजून आणि ठरावीक दिशेने लावला जातो, आणि नंतर लगेच व्यायाम सुरू होतो. जागेपणी हात खेचण्याशी तिचे साम्य फक्त वरवरचे आहे.

आता ज्या कारणाने हा विषय मला आपल्याकडे विशेष जवळचा वाटतो, त्याकडे येतो. भारतात मधुमेही किती, याचे उत्तर २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीने दिले. सुमारे १०.१ कोटी. जगभरच्या अभ्यासांचे २०१६ साली केलेले एकत्रीकरण सांगते की मधुमेह्यांना खांदा आखडण्याची शक्यता इतरांच्या पाचपट असते, मधुमेह्यांपैकी १३.४ टक्क्यांना तो झालेला आढळतो, आणि आखडलेला खांदा घेऊन येणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना मधुमेह असतो. या आकड्यांचा परस्पर गुणाकार करून कोटींचा हिशेब मांडण्याचा मोह होतो, पण वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पद्धतीच्या अभ्यासांची ती सरासरी आहे, ती तशीच आपल्याला लावता येणार नाही. तरी दोन गोष्टी त्यातून सरळ निघतात. खांदा आखडलेल्या माणसाची साखर, आणि शक्यतो थायरॉइडही, तपासायलाच हवी. काहींना आपल्या मधुमेहाचा पत्ता खांद्यामुळे लागतो. आणि दुसरे, मधुमेह्याच्या खांद्याला वेळ जास्त लागतो, हालचाल तुलनेने कमी परत येते, म्हणून 'आपोआप सुटेल' हे आश्वासन ज्याला द्यायचे त्याच्यासाठीच ते सर्वांत कमी खरे असते.

मधुमेहाच्या तपासणीत पाय पाहावेत, डोळे पाहावेत, हे आता बऱ्यापैकी रुजले आहे. खांदा कुणी पाहत नाही. पाहायला अर्धा मिनिट लागतो. दोन्ही कोपरे अंगाला चिकटवून, नव्वद अंशांत वाकवून, दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडायला सांगायचे. एक हात दुसऱ्याच्या मागे राहिला आणि रात्रीचे दुखणे असेल, तर पुढची चौकशी करायची. ही तपासणी परिचारिका करू शकते, आशा कार्यकर्ती शिकू शकते, रुग्ण स्वतः आरशासमोर करू शकतो. जिथे हाडांचे तज्ज्ञ आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी येतात, तिथे दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात रुग्ण हाती लागण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

ज्यांचा एक खांदा या दुखण्यातून गेला आहे त्यांच्यासाठी ही तपासणी अधिकच उपयोगाची आहे. त्याच खांद्यात आजार परतणे विरळा, पण पुढच्या काही वर्षांत दुसरा खांदा धरण्याची शक्यता चांगलीच असते, मधुमेह्यांत तर अधिक. या वेळी रुग्णाला सुरुवात ओळखीची असते. दंडाच्या बाहेरच्या अंगाला रात्री उठणारी कळ, हिसका बसला की डोळ्यांपुढे अंधारी, आणि बाहेर वळायला नाखूश झालेला हात. पहिल्या वेळी निदान व्हायला जेवढे महिने गेले तेवढे या वेळी जाण्याचे कारण नाही. हाताची हालचाल अजून बऱ्यापैकी शिल्लक असते, दाह ताजा असतो, आणि इंजेक्शन व हलका व्यायाम यांना सर्वांत जास्त वाव नेमका याच आठवड्यांत असतो.